बेलासिस रोडवरील रसायनशास्त्रज्ञ : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

वाचकहो, कोकणातून रात्रीची एस.टी. धरून पहाटे मुंबई सेंट्रलच्या आगारात उतरण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर आलेला असेल. कोणी नोकरीसाठी, कोणी पासपोर्टच्या कामासाठी, तर कोणी आजारी माणसाला नायर रुग्णालयात दाखविण्यासाठी येतो. आगारालगतच नागपाड्याकडून ताडदेवकडे जाणारा रस्ता आहे. त्याचे आजचे नाव जहांगीर बोमन बेहराम मार्ग. परंतु आपले वडीलधारे त्याला अजूनही बेलासिस रोड म्हणतात. ह्याच रस्त्यावर एका भाड्याच्या बंगल्यात १९३५ साली एका मुसलमान रसायनशास्त्रज्ञाने औषधांची प्रयोगशाळा सुरू केली. ह्या रस्त्यावरून मी स्वतः कितीतरी वेळा ट्रंक उचलून गेलो आहे. पण ही गोष्ट मला नोकरीला लागल्यानंतर, एका जुन्या ग्रंथाची पाने चाळताना कळली. इतिहासाच्या शिक्षकाला हे कबूल करताना संकोच वाटतो.

ह्या लेखाचे निमित्त असे. इयत्ता नववीच्या वर्गात मी एकदा मुलांना विचारले, “हिंदुस्थानच्या इतिहासातील दहा मुसलमान व्यक्तींची नावे लिहा.” उत्तरे आली. बादशहा होते, शायर होते, क्रिकेटपटू होते, आणि चित्रपटातील नट तर फारच होते. अबुल कलाम आझाद आणि डॉ. अब्दुल कलाम ह्या दोन नावांत काहींनी गोंधळ केला, पण ती आली तरी. कारखानदार मात्र एकाही वहीत नव्हता. मग मी विचारले, “तुमच्यापैकी किती जणांच्या घरी दम्याचा पंप आहे?” आठ-दहा हात वर झाले. माझाही त्यांत होता. माझ्या अब्बांच्या उशाशी अस्थालिनचा पंप गेली अनेक वर्षे आहे. त्या डब्यावर कंपनीचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते, सिप्ला. हे नाव ज्यांनी दिले त्यांची ओळख मी त्या दिवशी मुलांना करून दिली, आणि आज आपणांस करून देत आहे. मी औषधशास्त्र शिकलेलो नाही. तेव्हा रसायनांच्या तपशिलात चूक होणार नाही इतपतच त्यात शिरेन.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म १८९८ साली अलीगढ येथे झाला. सर सय्यद अहमद खान यांचे त्याच वर्षी, त्याच गावी निधन झाले. त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयामुळे मुसलमान मुलांनी इंग्रजी आणि विज्ञान शिकावे हा विचार त्या गावाच्या हवेतच होता. हमीद यांनी रसायनशास्त्र निवडले आणि उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. मुलगा हुशार, घराणे शिकलेले. सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. पण १९२० साली गांधीजींनी असहकाराची हाक दिली, खिलाफतीच्या चळवळीने उत्तर हिंदुस्थान ढवळून निघाला, आणि सरकारी महाविद्यालयांतून विद्यार्थी बाहेर पडू लागले. हमीद त्यांच्यातले एक होते.

येथे पालकांच्या मनात प्रश्न येईल, आणि तो रास्तच आहे, की शिक्षण सोडून चळवळीत पडलेल्या मुलाचे पुढे झाले काय? ह्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारचे महाविद्यालय सोडणाऱ्यांनी शिक्षण सोडले नाही. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढच्या महाविद्यालयातील मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली. सरकारचा एक पैसाही न घेता चालणारी ही संस्था होती. ती १९२५ मध्ये दिल्लीला हलली. तिच्या आरंभीच्या दिवसांत रसायनशास्त्र शिकविण्याचे काम हमीद यांनी केले. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन त्याच काळात तेथे होते, आणि दोघांचा स्नेह आयुष्यभर टिकला. आपल्या संस्थेसारख्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थांत काम करणाऱ्यांना जामियाचे ते पहिले दिवस कसे असतील ह्याची कल्पना सहज येईल. महिनाअखेरचा पगार ही तेथेही नशिबाचीच बाब होती.

१९२४ मध्ये हमीद यांनी परदेशी जाण्याचे ठरविले. निघाले ते इंग्लंडला जाण्यासाठी, आणि शिकले मात्र जर्मनीत. हा बदल का झाला हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे जावे लागेल. इतिहासाच्या तासाला मी येथे नेहमी थांबतो, म्हणून वाचकांनीही थांबावे अशी विनंती आहे.

चंपारणचा सत्याग्रह आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. १९१७ साली गांधीजी बिहारमधील निळीच्या शेतकऱ्यांसाठी उभे राहिले. ह्या शेतकऱ्यांच्या हालांमागे मळेवाल्यांचा जुलूम होता हे पुस्तकात असते. पण मळेवाले स्वतः का अडचणीत आले होते, हे पुस्तक फारसे सांगत नाही. जर्मनीतील बी.ए.एस.एफ. ह्या कंपनीने १८९७ साली कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली. शेत नको, पाऊस नको, मजूर नको. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसांनी तोच रंग कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांपासून बनविला. काही वर्षांतच बिहारच्या निळीला भाव राहिला नाही, आणि मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांवर लादला. म्हणजे जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांच्या ज्ञानाचा फटका बिहारच्या रयतेला बसला. ज्या जर्मन कारखान्यांनी रंग बनविले, त्यांनीच पुढे औषधे बनविली. ॲस्पिरिन तेथलीच, आणि उपदंशावरचे पहिले खात्रीचे औषध साल्व्हर्सनही तेथलेच. महायुद्ध हरलेल्या, चलनफुगवट्याने नुकत्याच होरपळलेल्या त्या देशात १९२४ साली रसायनशास्त्र मात्र जगात पहिल्या क्रमांकाचे होते. तरुण हमीद यांनी विद्येचे माहेरघर कोणते ते ओळखले आणि बर्लिनची वाट धरली. इंग्लंडच्या पदवीला हिंदुस्थानात जास्त मान होता, नोकरीही त्या पदवीला लवकर मिळे. तरी त्यांनी जर्मन भाषा शिकून बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक रोझेनहाइम यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली. झाकीर हुसेनही तेव्हा अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनलाच होते.

बर्लिनमध्ये वान्से नावाचे मोठे सरोवर आहे. तेथे नौकाविहाराच्या वेळी हमीद यांची ओळख लुबा डेर्झान्स्का ह्या तरुणीशी झाली. ती त्या वेळच्या पोलंडमधील विल्ना शहरातील ज्यू कुटुंबातली. हे शहर आज लिथुआनियाची राजधानी आहे. १९२८ मध्ये बर्लिनच्या मशिदीत त्यांचा निकाह झाला. ह्या विवाहाविषयी आपल्या समाजात मतभेद होऊ शकतील, पण तो ह्या लेखाचा विषय नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. पाच वर्षांनी त्याच शहरात हिटलर सत्तेवर आला. ह्या जोडप्याचा थोरला मुलगा युसूफ १९३६ साली विल्ना येथे जन्मला, आणि १९४१ नंतर त्या शहरातील बहुसंख्य ज्यू नाझींनी मारून टाकले. मुंबईत राहणाऱ्या ह्या घराला जगात काय चालले आहे ते वर्तमानपत्रातून वाचण्याची गरज नव्हती. धर्माच्या नावाने माणसे वेगळी काढली जातात तेव्हा काय होते, हे त्यांच्या सासुरवाडीनेच पाहिले होते. पुढे देशाची फाळणी झाली तेव्हा डॉ. हमीद यांनी कोणती बाजू घेतली, हे समजून घेताना ही पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते.

मायदेशी परतल्यावर डॉक्टरसाहेबांनी मुंबई निवडली. पदवी मोठी होती, पण भांडवल नव्हते. त्या काळी देशात औषधांचे भारतीय कारखाने नव्हते असे नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा बंगाल केमिकल कलकत्त्यात होता, बडोद्याला अलेंबिक होता, आणि आपल्या परळची हाफकिन संस्था लसींचे काम करीत होती. पण दवाखान्यात लागणारी बहुतेक नवी औषधे जहाजाने येत. कच्चा माल आपल्याकडून जाई आणि बाटलीत बंद होऊन दसपट भावाने परत येई. कापडाची गोष्ट आपणांस पाठ आहे; औषधाची गोष्टही तशीच होती, फक्त औषधांची होळी कोणाला करता येत नव्हती. आजाऱ्याला स्वदेशीची शपथ घालून भागत नाही. त्याला स्वदेशी औषधच द्यावे लागते, आणि तेही विदेशी औषधाइतकेच गुणकारी.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ह्या लांबलचक नावाची कंपनी नोंदविली गेली. त्या नावाची आद्याक्षरे जोडून सिप्ला हा शब्द झाला. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये. हा आकडा कागदावरचा असतो. इतके रुपये हातात होते असा त्याचा अर्थ होत नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. डॉ. हमीद यांच्याजवळ खरी पुंजी होती ती त्यांच्या वहीत. औषधे बनविण्याची जी सूत्रे आणि पेटंटे त्यांच्या नावावर होती ती सर्व त्यांनी कंपनीला देऊन टाकली आणि त्याबद्दल मानधन किंवा रॉयल्टी म्हणून काही घेतले नाही. हा उल्लेख कंपनीच्या इतिहासात एका ओळीत येतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण पुढची ऐंशी वर्षे जो वाद ह्या घराण्याने केला, तो ज्ञान कोणाच्या मालकीचे ह्याच प्रश्नावर केला. त्याचे पहिले उत्तर संस्थापकाने स्वतःच्या खिशातून दिले होते.

२२ सप्टेंबर १९३७ रोजी कंपनीची पहिली औषधे बाजारात आली. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी स्वतः हा कारखाना पाहण्यास आले. अलाहाबादचे महाविद्यालय ज्यांच्या शब्दाखातर सोडले, ते एकोणीस वर्षांनी आपला कारखाना पाहण्यास येतात, तेव्हा त्या माणसाला काय वाटले असेल! हा भारतीय उद्योग पाहून आनंद वाटला, अशा आशयाचा अभिप्राय गांधीजींनी भेटीच्या वहीत लिहिला. गांधीजींचा ॲलोपॅथीवर फारसा भरवसा नव्हता हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका ओळीचे मोल कळते.

दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध पेटले. समुद्रमार्ग असुरक्षित झाले, बाहेरून येणारी औषधे अडली. ज्या भारतीय कारखान्यांना कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते, त्यांच्याकडे मागणीची रीघ लागली. सिप्लाने शुद्ध रसायने तयार करण्यास आरंभ केला आणि १९४४ मध्ये मुंबई सेंट्रलची जागा विकत घेतली. युद्धावर पैसा सगळ्याच कारखानदारांनी मिळविला, त्यात डॉ. हमीद वेगळे होते असा दावा मी करणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट ओळखली, की युद्ध संपताच जहाजे पुन्हा येतील, आणि तेव्हा ज्याच्याजवळ संशोधन नाही तो टिकणार नाही. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सी.एस.आय.आर., स्थापन झाली. तिच्या कारभाराशी ते आरंभापासून निगडित होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तिची कल्पना मांडणाऱ्यांत डॉ. हमीद यांचे नाव घेतले जाते. पुण्याला सहलीला जाणारी मुले शनिवारवाडा पाहून परत येतात. पाषाण रस्त्यावरून जाताना बसमधून ही प्रयोगशाळा निदान दाखवावी, असे मी सहशिक्षकांना सुचवीत असतो.

१९३७ ते १९६२ अशी पंचवीस वर्षे ते मुंबईच्या विधान परिषदेचे सभासद होते. पुढे मुंबईचे शेरीफही झाले. फाळणीच्या वेळी मुंबईतील कित्येक धनिक मुसलमान घराणी कराचीला गेली. तेथे कारखाने काढण्यास मोकळे रान होते, नव्या सरकारला माणसे हवी होती. बर्लिनचा डॉक्टर आणि चालू कारखान्याचा मालक अशा माणसाला तेथे काय मिळाले नसते? डॉ. हमीद गेले नाहीत. फाळणी त्यांना मुळातच मान्य नव्हती. ते मुंबईतच राहिले आणि त्यांनी काम चालू ठेवले. १९५२ मध्ये कंपनीचा संशोधन विभाग निघाला, १९६० मध्ये विक्रोळीचा कारखाना चालू झाला, आणि १९६८ मध्ये अँपिसिलिन हे जंतुनाशक औषध देशात प्रथमच सिप्लाने बनविले.

आता मी अशा विषयाकडे येतो जो ऐकताना रूक्ष वाटतो, पण आपल्या प्रत्येकाच्या औषधाच्या बिलाशी त्याचा संबंध आहे. तो म्हणजे पेटंटचा कायदा.

स्वातंत्र्य मिळाले तरी देशात १९११ सालचा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू राहिला. त्या कायद्याने औषधावरच सोळा वर्षांची मक्तेदारी मिळे. ह्याचा अर्थ काय ते मुलांना सांगताना मी सांदणाचे उदाहरण देतो. समजा, रत्नागिरीच्या एखाद्या खालाजानने जगात प्रथम सांदण केले आणि त्यावर पेटंट घेतले. तर सोळा वर्षे दुसऱ्या कोणालाही सांदण करता येणार नाही. तांदळाचा रवा वेगळा दळा, नारळाच्या रसाऐवजी दूध घाला, मोदकपात्राऐवजी इडलीपात्रात उकडा, काही चालणार नाही. पदार्थच तिचा. ह्याला वस्तूचे पेटंट म्हणतात. आता कायदा असा केला, की खालाजानची कृती तेवढी तिच्या मालकीची, पण वेगळ्या कृतीने सांदण करणाऱ्याला मोकळीक, तर ते झाले प्रक्रियेचे पेटंट. औषधांच्या बाबतीत ह्या दोहोंतील फरक माणसाच्या प्राणाइतका मोठा आहे, कारण एकच रसायन अनेक मार्गांनी बनविता येते, आणि आपल्या देशात असे मार्ग शोधणारे रसायनशास्त्रज्ञ तोवर तयार झाले होते.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली ह्या कायद्याविषयी अहवाल दिला. बहुसंख्य पेटंटे परकीयांची होती, आणि त्यांतील फारच थोड्यांचे उत्पादन प्रत्यक्ष भारतात होत होते, असे त्यांना आढळले. पुढे अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीनेही नमूद केले, की भारतातील औषधांचे भाव जगातील सर्वांत चढ्या भावांत मोडतात. सर्वांत गरीब देशांपैकी एक, आणि औषध सर्वांत महाग! ज्या भारतीय उत्पादकांनी हा प्रश्न दिल्लीत लावून धरला त्यांत डॉ. हमीद आणि त्यांचे चिरंजीव युसूफ हे अग्रभागी होते. उत्पादकांचा त्यात स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? कायदा बदलला तर त्यांचा धंदा वाढणारच होता. पण धंदेवाल्याचा स्वार्थ आणि रोग्याचे हित एका दिशेला जाण्याचे प्रसंग इतिहासात कमी येतात. हा तसा एक होता.

१९७० साली संसदेने नवा पेटंट कायदा केला. औषधांवर ह्यापुढे केवळ प्रक्रियेचे पेटंट मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे, असे ठरले. २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. २३ जून १९७२ रोजी डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद अल्लाला प्यारे झाले. नव्या कायद्याखालचे अवघे दोन महिने त्यांनी पाहिले.

मरहूम डॉक्टरसाहेबांचे चरित्र येथे संपते, पण त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा परिणाम त्यांच्यामागे एकोणतीस वर्षांनी दिसला.

युसूफ हमीद यांनी केंब्रिजला नोबेल पारितोषिक विजेते लॉर्ड टॉड यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली होती. वडिलांनंतर कंपनीचे शास्त्रीय काम मुख्यतः तेच पाहत. त्यांच्या काळात १९७६ मध्ये कंपनीने दम्याचे पंप बनविण्यास घेतले, आणि अब्बांच्या उशाशी असतो तो पंप त्याच परंपरेतला. पण मला सांगायचे आहे ते एड्सविषयी. ह्या रोगावर तीन औषधे एकत्र दिली तर रोगी जगतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. पाश्चात्य देशांत ह्या उपचाराचा खर्च एका रोग्यामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर येई. त्या वेळी आफ्रिकेत सुमारे अडीच कोटी लोकांना ह्या रोगाची लागण झालेली होती. औषध अस्तित्वात होते आणि माणसे मरत होती, कारण औषध एकीकडे आणि माणसे दुसरीकडे होती.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्स येथे युरोपीय आयोगाच्या सभेत युसूफ हमीद यांनी तीन गोष्टी जाहीर केल्या. ही तिन्ही औषधे आपण वर्षाला ८०० डॉलरमध्ये देऊ. जे सरकार स्वतः बनवू इच्छील त्याला बनविण्याचे तंत्र फुकट देऊ. आणि आईकडून बाळाला होणारी लागण थांबविणारे नेव्हिरापिन हे औषध विनामूल्य देऊ. लगेच कोणी पुढे आले नाही. मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी ‘सीमाविरहित डॉक्टर’ ह्या संस्थेसाठी भाव आणखी उतरविला, तो वर्षाला ३५० डॉलरवर. दिवसाला एक डॉलरहून कमी. त्या वेळच्या हिशेबाने साधारण पंचेचाळीस रुपये. ही बातमी जगभर छापून आली, आणि गरीब देशांत एड्सचा उपचार परवडणारच नाही, ही तोवरची समजूत मोडीत निघाली.

हे कसे शक्य झाले? येथे पुन्हा सांदण आठवावे. ती तीन औषधे तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीची होती. वस्तूचे पेटंट असलेल्या देशांत ती एका गोळीत आणायची, तर तिन्ही मालकांचे एकमत हवे होते. भारतात १९७० च्या कायद्यामुळे तशी अडचण नव्हती. सिप्लाने तिन्ही औषधे एकाच गोळीत बसविली, सकाळी एक आणि रात्री एक. जेथे दवाखाना वीस-तीस मैलांवर आहे आणि रोग्याला वाचता येत नाही, तेथे मूठभर गोळ्यांचे वेळापत्रक पाळणे अशक्य. दोन गोळ्या मात्र कोणीही लक्षात ठेवील. मोठ्या कंपन्यांनी युसूफ हमीद यांना चोर म्हणण्यापर्यंत मजल मारली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर औषधांच्या कायद्यावरून ३९ कंपन्यांनी घातलेला दावा त्यांना मागे घ्यावा लागला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्याच कंपनीचे आणि भारत सरकारचे औषधांच्या किंमत-नियंत्रणावरून वर्षानुवर्षे खटले चालले. काही औषधांचा भाव ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घेतला, असा सरकारचा आरोप होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आफ्रिकेसाठी भाव उतरविणारे आणि देशात भावासाठी भांडणारे लोक एकच. कारखानदार हा शेवटी कारखानदार असतो. मुलांनी त्याला पीर समजू नये आणि लुटारूही समजू नये. तसेच हेही नोंदवून ठेवतो, की जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून आपल्या देशात औषधांवर पुन्हा वस्तूचे पेटंट सुरू झाले. १९७२ चा तो दरवाजा तेहतीस वर्षे उघडा होता. त्यानंतर शोधल्या गेलेल्या कितीतरी औषधांचे भाव ऐकून आज आपण दुकानदाराकडे पुन्हा पाहतो, त्याचे कारण येथे आहे.

पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून ह्या कंपनीच्या वतीने कर्करोग्यांसाठी एक केंद्र चालविले जाते. ज्यांच्या रोगावर आता इलाज उरलेला नाही, अशांच्या वेदना कमी करण्याचे काम तेथे होते आणि रोग्याकडून पैसे घेतले जात नाहीत. आपल्या भागातून कोणी अशा रोग्याला घेऊन पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतून फिरत असेल, तर त्याला हा पत्ता सांगावा, म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

त्या नववीच्या वर्गातील तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. तिच्या घरीही दम्याचा पंप आहे. तिने विचारले, “सर, ह्या हमीद साहेबांनी स्वतः काही लिहिले आहे का?” लिहिले आहे. त्यांचे आत्मचरित्र १९७२ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत आहे आणि आपल्या शाळेच्या ग्रंथालयात नाही. ह्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत मी त्याचे नाव लिहून मुख्याध्यापकांकडे दिले आहे. कोणा वाचकाच्या घरी जुनी प्रत पडून असेल तर त्यांनी ती शाळेत आणून द्यावी. मुलगी आता दहावीत गेली आहे, आणि तिने दोनदा आठवण केली आहे.